गरमी, विटाळ आणि औषध

नामपूरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्याला फाट्याफाट्यावर रंगवलेल्या भिंती लागतात. कांद्याच्या बियाण्याची जाहिरात, सिमेंटची जाहिरात, आणि त्यांच्या शेजारी ‘गुप्तरोगावर हमखास इलाज’ ही ठरलेली जाहिरात. खाली वैद्याचा वार आणि लॉजचे नाव. क्षयाला, मधुमेहाला, काविळीला कोणी गुप्त म्हणत नाही. ज्या रोगाचे जंतू शरीरसंबंधातून दुसऱ्याच्या अंगात जातात तेवढाच रोग आपल्या भाषेत गुप्त झाला. वस्तुतः तो गुप्त कधीच नव्हता. तो कोणाला झाला हे अख्ख्या गावाला ठाऊक असे. गुप्त राहिला तो फक्त त्याचा इलाज. आणि ज्याच्याकडून रोग आला त्याचे नाव.

मी इतिहास शिकवतो, वैद्यक नव्हे. तेव्हा इथे मला औषधांची यादी द्यायची नाही. रोगाचे निदान झाल्यावर माणसाचे पुढे काय होते, त्याच्या वाट्याला इलाज येतो की निवाडा येतो, आणि हे ठरवताना जात, वर्ग आणि बाईपण यांचा हात किती असतो, एवढाच प्रश्न मला पडलेला आहे. दलित साहित्याने भूक, वेठबिगार, बलात्कार यांवर लिहिले. या रोगावर आपल्या विचारवंतांनी फारसे लिहिलेले नाही. का लिहिले नाही, याचेही उत्तर शोधावे लागेल.

प्रथम नावांकडे पाहू. १४९५ च्या सुमारास इटलीत नेपल्सच्या वेढ्यात हा रोग मोठ्या प्रमाणात पसरला. फ्रेंचांनी त्याला नेपल्सचा रोग म्हटले, इटालियनांनी फ्रेंचांचा रोग म्हटले. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि त्यानंतर काही दशकांतच आपल्याकडे हा रोग दिसू लागला. सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त त्याला फिरंग रोग असे नाव दिले. म्हणजे प्रत्येक देशाने हा रोग शेजाऱ्याच्या गळ्यात बांधला. ‘तो आमचा नव्हे, तो त्यांचा’ हे वाक्य कोणत्याही अस्पृश्याला शिकवावे लागत नाही. मराठीत पुढे फिरंगाची गरमी झाली, पुवाच्या रोगाला परमा म्हणू लागले, जांघेतल्या गाठीला बद. ही बोलीतली नावे निदान रोगाची तरी आहेत. ‘गुप्तरोग’ हे नाव रोगाचे नसून लाजेचे आहे.

भावमिश्राने इलाज म्हणून पारा आणि चोपचिनी सांगितली. युरोपातही पाराच चाले. पाऱ्याचा इलाज म्हणजे रोग्याचे तोंड येई, हिरड्या सुजत, लाळ गळत राही, दात हलत. इतके सोसून चट्टा बरा झाला तरी रोग आत उरेच. तो वर्षानुवर्षे दबून राही आणि पुढे हाड, काळीज, मेंदू धरी. चारशे वर्षे माणसांनी हा इलाज केला. ज्यांना घरी बसून लाळ गाळणे परवडत होते त्यांनी तो घरी केला. मजुरी बुडाली की चूल विझते अशांनी काय केले असेल हे सांगायला इतिहासकाराची गरज नाही.

इंग्रजांचे राज्य आले आणि रोगात सरकार आले. आमच्या नाशिक जिल्ह्यात देवळालीला १८६१ मध्ये गोऱ्या फौजेसाठी तळ उभा राहिला. विलायतेला जाणारे शिपाई इथे जहाजाची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत. रिकामा वेळ, दारू, उकाडा आणि भोवतालच्या गावांतले दारिद्र्य. अशा छावण्या हिंदुस्थानभर होत्या. १८९५ च्या सुमारास इथल्या गोऱ्या फौजेत दर हजारी पाचशेहून अधिक दाखले या रोगांपायी दवाखान्यात होत होते. फौजेचा अर्धा भाग आजारी, म्हणजे साम्राज्याचा अर्धा भाग आजारी. सरकारला घाम फुटला यात नवल नाही.

नवल आहे ते सरकारने शोधलेल्या इलाजात. १८६४ च्या छावणी कायद्याने आणि १८६८ च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदवही सुरू झाली. नाव चढले की ठरल्या मुदतीने डॉक्टरपुढे उभे राहायचे, तपासणी द्यायची. रोग दिसला की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडून घ्यायचे आणि बरी झाली असे डॉक्टर म्हणेपर्यंत बाहेर सोडायचे नाही. आणि ज्या शिपायांसाठी हा सारा खटाटोप, त्यांची सक्तीची तपासणी मात्र इंग्रजी लष्कराने १८५९ मध्येच सोडून दिली होती. कारण? ती शिपायाला अपमानास्पद वाटते. अपमान वाटण्याचा हक्क कोणाला आहे आणि कोणाला नाही, हे सरकारी नियमात इतक्या स्वच्छपणे क्वचितच लिहिले गेले असेल.

मुंबई शहरात हा कायदा १८७० मध्ये लागू झाला. खर्च सरकारने सोसायचा की नगरपालिकेने यावर वाद झाला आणि १८७२ मध्ये तो थांबला. १८८० मध्ये पुन्हा आला, १८८८ मध्ये गेला. या काळात काय घडले? कित्येक स्त्रियांनी शहर सोडले, कित्येकींनी नोंद चुकवली, लपून राहिल्या. श्रीमंताने ठेवलेली बाई नोंदवहीत येत नसे. नाव चढे ते गल्लीतल्या गरिबाच्या पोरीचे. इंग्लंडात जोसेफिन बटलर यांनी या कायद्यांविरुद्ध रान उठवले, अखेर १८८८ मध्ये पार्लमेंटने हिंदुस्थानातील हा प्रकार बंद करण्याचा ठराव केला. छावण्यांत तो निरनिराळ्या नावांनी पुढेही चालूच राहिला, ती गोष्ट वेगळी.

या कायद्याचा खरा परिणाम फौजेच्या आकड्यांत शोधू नये. माझ्या मते तो लोकांच्या मनावर झाला. निदान म्हणजे पकडले जाणे, हे समीकरण आपल्या समाजात तेव्हापासून घट्ट बसले. पोलीस, डॉक्टर आणि कोंडवाडा हे तिघे एकाच दारातून आत आले. ज्या समाजाला आधीच पाटलाच्या चावडीची, तलाठ्याच्या कागदाची धास्ती होती, त्याने दवाखान्याच्या कागदाकडेही त्याच नजरेने पाहिले तर त्याला अडाणीपणा म्हणता येणार नाही. तो त्याचा अनुभव होता.

आपल्या बाजूने या प्रश्नाला पहिला हात घातला तो शिवराम जानबा कांबळे यांनी. जेजुरीच्या खंडोबाला मुली वाहण्याची चाल महारांत होती. देवाच्या नावाने सोडलेली पोर देवाकडे राहत नसे. ती गावच्या आणि पुढे शहराच्या हवाली होई. कांबळ्यांनी आपल्या ‘सोमवंशीय मित्र’ या पत्रातून या चालीवर कोरडे ओढले. १९०९ मध्ये शिवूबाई नावाच्या एका मुरळीने त्यांच्या हाकेला जाहीरपणे उत्तर दिले आणि चळवळीतल्याच एका कार्यकर्त्याने तिच्याशी लग्न केले. ही घटना आपल्या इतिहासात एका ओळीत उरकली जाते. माझ्या दृष्टीने ती फार मोठी आहे. सरकारने अशा बाईचे नाव नोंदवहीत चढवले होते. एका अस्पृश्य संपादकाने तिचे म्हणणे वर्तमानपत्रात छापले.

औषधाची गोष्ट याच वर्षांत बदलली. १९०५ मध्ये रोगाचा जंतू सापडला, १९०६ मध्ये वासरमनची रक्ततपासणी आली, १९१० मध्ये एरलिश आणि हाता यांचे ‘६०६’ नावाचे सोमलाचे इंजेक्शन बाजारात आले. ते महाग होते, महिनोन् महिने घ्यावे लागे आणि बाधेही. खरी क्रांती १९४३ ची. न्यूयॉर्कमध्ये जॉन महोनी यांनी चार रोग्यांना पेनिसिलिन दिले आणि चारशे वर्षांचा पारा एका फटक्यात निकामी झाला. १९५४ मध्ये पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन आपल्याच मातीत तयार होऊ लागले. जो रोग तीन पिढ्या नासवत होता तो आता काही सुयांत बरा होत होता. मग प्रश्न संपायला हवा होता. तो संपला नाही. का, हे मी आमच्याच घरातून सांगतो.

माझ्या आजीची थोरली जाऊ, तिला आम्ही मोठी माय म्हणत असू. तिचा नवरा मुंबईच्या गोदीत हमाली करी आणि वर्षातून दोनदा नामपूरला येई. मोठ्या मायला दोन मुले मेलेली झाली, तिसरे महिन्याभरात गेले. वस्तीने तिला पांढऱ्या पायाची ठरवले. पुढे कोणीतरी गरमीचे नाव काढले, तेव्हा तर बारशाला आणि हळदीला तिला बोलावणेच बंद झाले. तिच्या हातचे पाणी तिच्या जावाही घेत नसत. ही वस्ती सवर्णांची नव्हती, आमची होती. मोसमच्या पाणवठ्यावर ज्यांना वेगळे काढले होते त्यांनीच आपल्यातल्या एका बाईसाठी आणखी एक पाणवठा वेगळा काढला.

१९५० नंतरच्या दशकात चौथ्या खेपेला ती नवऱ्यासोबत मुंबईला राहिली. तिथल्या एका प्रसूतिगृहात रक्त तपासले, तेव्हा तिला कळले की नवऱ्याला हा रोग फार आधी झाला होता. त्याने गोदीजवळच्या दवाखान्यात सुया घेतल्या होत्या आणि तो बरा झाला होता. बायकोलाही आणा, असे त्याला सांगितले होते की नाही, देव जाणे. त्याने तिला काही सांगितले नव्हते. तिलाही सुया मिळाल्या. त्या खेपेला मुलगी झाली, ती जगली, आज तिला नातवंडे आहेत. मोठी माय म्हातारपणी आमच्या अहिराणीत म्हणायची, ‘‘त्याले सुया लागन्यात, माले बोल लागना.’’ हे ती रागाने म्हणत नसे. भाकरी थापता थापता, हिशेब सांगावा तसे म्हणे.

मी तिचा नवरा दुष्ट होता असे म्हणत नाही. तो गोदीतला हमाल होता, एका खोलीत वीस माणसांबरोबर झोपत होता. औषधाने त्याचा रोग गेला, पण आपल्याला काय झाले होते हे बायकोपुढे बोलण्याची भाषा त्याच्याकडे नव्हती. ती भाषा कोणी त्याला दिलीच नव्हती. निदान झाल्यावरचा सगळ्यात अवघड भाग सुई नव्हे, हा आहे. आणि तो बायकांच्या गर्भावर निघतो. गरोदरपणी वेळेवर पेनिसिलिन मिळाले तर मूल वाचते. न सांगितलेल्या एका वाक्यापायी आमच्या घरात तीन मुले गेली.

न सांगण्याचे दुसरे एक उदाहरण अमेरिकेतले आहे आणि ते आपल्या लोकांनी पाठ करून ठेवावे असे आहे. अलाबामा राज्यात टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्यखात्याने काळ्या शेतमजुरांवर एक अभ्यास चालवला. ३९९ जणांना हा रोग होता. त्यांना रोगाचे नाव सांगितले नाही; ‘रक्त खराब आहे’ एवढेच सांगितले. रोग माणसाला शेवटपर्यंत कसा खातो हे पाहायचे होते. पेनिसिलिन आले, साऱ्या देशाला मिळाले, या माणसांना मात्र मुद्दाम दिले नाही. चाळीस वर्षे. १९७२ च्या जुलैत वर्तमानपत्रातून हे बाहेर फुटले तेव्हा अभ्यास बंद झाला. अध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

१९७२ हे आपल्याही इतिहासातले वर्ष. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव काळ्यांच्या चळवळीवरून घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. ज्या वस्तीतल्या रोगांची, पुवाची, रक्ताची नावे मराठी कवितेने कानावर हात ठेवून टाळली होती ती ढसाळांनी कवितेत आणली. समीक्षक शब्दकोश शोधत बसले. शब्द अश्लील आहेत का, यावर चर्चा झाली. त्या वस्तीत पेनिसिलिन पोचते का, यावर चर्चा झाली नाही. टस्कीगीत औषध मुद्दाम अडवले. आपल्याकडे कोणी मुद्दाम अडवावे लागत नाही, ते लाजेने आपोआप अडते.

अश्लीलतेचा हाच प्रश्न अडतीस वर्षे आधी मुंबईच्या कोर्टात उभा राहिला होता. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केले आणि १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत ते एकहाती चालवले. संततिनियमनाबरोबरच या रोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिले. वाचक पत्रांतून विचारत आणि कर्वे उत्तर देत. पापपुण्य न काढता, डोळे आले तर काय करावे हे सांगावे तशा सुरात. या प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांचे वकीलपत्र कोणी घेतले? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील होत नाही, लोक अडचणी विचारतात तर त्यांना उत्तर मिळाले पाहिजे, हा त्या बचावाचा गाभा होता. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता, पुणे कराराला दीड वर्ष झाले होते, पुढच्या वर्षी येवल्याची घोषणा व्हायची होती. डोक्यावर इतके ओझे असताना हा माणूस एका नास्तिक चित्पावनाच्या मासिकासाठी, लोकांच्या गुप्त मानलेल्या प्रश्नांसाठी कोर्टात उभा राहिला. आपल्या जयंतीच्या भाषणांत मी हा प्रसंग फार थोड्या वेळा ऐकला आहे.

जो प्रसंग ऐकला तो दोन वर्षांनंतरचा. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातल्या मुरळ्या, जोगतिणी, देवदासी यांच्यापुढे बाबासाहेब बोलले. हे अपमानाचे जिणे सोडा, आपल्या समाजाला यामुळे खाली मान घालावी लागते, संसार करा, असे त्यांनी निक्षून सांगितले. येवल्याची घोषणा होऊन आठ महिने झाले होते, मुंबई इलाखा महार परिषदेला पंधरा-सोळा दिवस. एक अख्खा समाज नव्या अंगाने उभा करायचा होता, आणि ज्या धंद्यात त्याच्या पोरी देवाच्या नावाने ढकलल्या जात होत्या त्यावर घाव घालणे भाग होते. मला ते भाषण कठोर वाटते आणि त्या घडीला आवश्यकही वाटते.

परंतु आपण काय केले? आपण १९३६ चे भाषण लक्षात ठेवले आणि १९३४ चे वकीलपत्र विसरलो. अब्रूचा धडा घेतला, मोकळ्या बोलण्याचा धडा सोडला. शिकलेला दलित मध्यमवर्ग सवर्णांच्या नजरेत स्वच्छ दिसण्यासाठी इतका धडपडला की आपल्यातल्या रोगी माणसाला त्याने घराच्या मागच्या खोलीत सरकवले. मी पहिल्या पिढीचा पदवीधर आहे, या धडपडीची ओढ मला आतून ठाऊक आहे. धम्म स्वीकारल्यावर विटाळ मानायचा नाही असे आपण शिकलो. या एका रोगाच्या बाबतीत तो मानत राहिलो. दलित साहित्याने यावर का लिहिले नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे.

मग एचआयव्ही आला. १९८६ मध्ये मद्रासला देशातले पहिले रोगी आढळले आणि सरकारने धूळ झटकून जुना कोंडवाडा पुन्हा उघडला. गोव्यात कायदा बदलून अशा माणसाला अलग कोंडण्याची तरतूद केली. १९८९ च्या फेब्रुवारीत डॉमिनिक डिसोझा या तरुणाला पोलिसांनी नेले. त्याने रक्तदान केले होते, त्यात रोग सापडला होता. म्हापशाला क्षयाच्या जुन्या रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकटे ठेवले. त्याची आई लुसी डिसोझा मुंबई उच्च न्यायालयात गेली. तो सुटला, पण न्यायालयाने कायदा मात्र उचलून धरला. १९९२ मध्ये डॉमिनिक वारला. त्याआधी त्याने गोव्यात ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी केली. १८६८ आणि १९८९. मध्ये एकशेएकवीस वर्षे आणि स्वातंत्र्य.

पुढची एक नोंद मला अधिक जवळची वाटते. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एक रोजंदारी मजूर आला. कायम करण्यापूर्वीच्या तपासणीत त्याला एचआयव्ही निघाला म्हणून त्याचे काम गेले होते; अंगात ताकद होती, काम करता येत होते. न्यायालयाने त्याला काम आणि भरपाई द्यायला लावली. आणि त्याचे नाव कागदावर येऊ दिले नाही. तो ‘एमएक्स’ या अक्षरांनीच निकालात आहे. लॉक हॉस्पिटलच्या नोंदवहीपासून या दोन अक्षरांपर्यंतचे अंतर हे आपल्या न्यायाचे खरे अंतर आहे, असे मी वर्गात सांगतो.

तरी मोठे काम कोर्टाने केले नाही. सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेच्या कामातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. धंदा करणाऱ्या बायकांनीच ती चालवली, त्यांत देवदासी पुष्कळ होत्या. निरोध वाटणे, आजारी मैत्रिणीला सरकारी दवाखान्यात सोबत नेणे, डॉक्टरने हात लावायला नकार दिला तर तिथेच ठिय्या देणे, गोळ्या चुकू न देणे. ज्या बायकांना शंभर वर्षे रोगाचे घर म्हटले गेले त्याच रोगाच्या राखणदार झाल्या. कोणाचीही नोंदवही त्यांना लागली नाही.

आज निदान झालेल्या माणसापुढे काय आहे ते सांगतो, कारण हे सांगितल्याशिवाय वरचा इतिहास अपुरा राहील. सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते, तपासणी आणि औषध फुकट. लक्षणांनुसार रंगीत पुड्या ठरलेल्या आहेत : पू जात असेल तर करडी, चट्टा असेल तर पांढरी. गरमी लवकर सापडली तर बेन्झाथिन पेनिसिलिनच्या चोवीस लाख युनिटांची एक खेप, दोन्ही ढुंगणांत मिळून. सुई दुखते. त्या दिवशी ताप, अंगदुखी होऊ शकते. औषध बाधले असे समजून लोक परत फिरकत नाहीत. तो ताप मरणाऱ्या जंतूंचा असतो, दिवसभरात उतरतो. त्यानंतर तीन, सहा, बारा महिन्यांनी रक्त तपासायचे. आकडा ३२ वरून ८ वर आला म्हणजे चौपट उतरला, औषध लागू पडले. दुसरी एक तपासणी मात्र बऱ्या झालेल्या माणसाचीही बहुधा जन्मभर ‘पॉझिटिव्ह’ येते. तो जुन्या रोगाचा वण आहे, रोग नव्हे. नोकरीच्या किंवा लग्नाच्या वेळी तो कागद कोणी नाकापुढे नाचवला तर हे ठाऊक असलेले बरे.

आणि जोडीदार. त्याची किंवा तिची तपासणी आणि औषध झाले नाही तर रोग घरातच चेंडूसारखा इकडून तिकडे फिरतो. दोघांचे औषध पुरे होऊन डॉक्टर सांगेपर्यंत संबंध टाळायचा. एक रोग सापडला की एचआयव्हीची तपासणीही करून घ्यायची. नागिणीच्या जातीचा, फोडांचा जो रोग आहे तो मुळासकट जात नाही. तो अधूनमधून उठतो आणि गोळीने दबतो. एचआयव्हीवर एप्रिल २००४ पासून सरकार फुकट गोळ्या देते. २०१७ पासून निदान झाले की लगेच सुरू करता येतात. रोज एक गोळी, जन्मभर. ती न चुकता घेतली आणि रक्तातले विषाणू मोजण्याच्या पलीकडे कमी राहिले तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. हे मी विद्यार्थ्यांना दोनदा सांगतो, कारण पहिल्यांदा ते कोणाला खरे वाटत नाही.

२०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात, जो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, एक कलम मोठ्या मायसारख्या बायकांसाठी लिहिल्यासारखे आहे. रोग्याच्या संमतीशिवाय डॉक्टरने कोणाला सांगायचे नाही. पण जोडीदाराला धोका आहे, समजावूनही रोगी सांगत नाही, तर रोग्याला तशी पूर्वसूचना देऊन डॉक्टर सांगू शकतो. आणि रोगी बाई असेल, सांगितल्यावर तिला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर सांगू नये. कायदा करणाऱ्यांना निदान एवढे कळले की सांगण्याची किंमत दोघांना सारखी पडत नाही. मात्र हे कलम एचआयव्हीपुरते आहे. गरमीच्या आणि परम्याच्या बाबतीत सांगायचे की नाही हे अजून घरातल्या धैर्यावरच आहे. माझ्या भागातल्या एका सरकारी दवाखान्यातली परिचारिका मला म्हणाली, सर, नवरे पुडी घेऊन जातात, बायकोची पुडी टेबलावर राहते.

आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गेल्या वर्षी मी कर्व्यांचा धडा वापरून पाहिला. बुटाच्या खोक्याला चीर पाडून ठेवली आणि नाव न लिहिता प्रश्न टाका म्हणून सांगितले. सत्तेचाळीस चिठ्ठ्या निघाल्या. अर्ध्याअधिक हस्तमैथुनाच्या, ते अपेक्षितच होते. एकीत लिहिले होते, ‘‘गाडीवर असताना झाले, बरे झाले. आता लग्न ठरले आहे. सांगावे का?’’ दुसरीत मुलीचे अक्षर : ‘‘आईला दवाखान्यात गोळ्या दिल्या पण कशाच्या ते सांगत नाहीत.’’ उत्तर द्यायला ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंना बोलावले होते. गाडीवाल्याला त्यांनी सांगितले की आधी रक्त पुन्हा तपासून आकडा पाहा, मग मुलीला घेऊन माझ्याकडे ये, मी तुझ्यासोबत बसून सांगते. मुलीला सांगितले की आईच्या केसपेपरवर काय लिहिले आहे हे विचारण्याचा हक्क आईचा आहे, तिला ते विचारायला शिकव, सोबत जा. यंदाचे शिबिर मोसमच्या पलीकडच्या एका वस्तीत आहे. खोके मी जपून ठेवले आहे, आणि या वेळी त्यावर ‘गुप्तरोग’ हा शब्द लिहायचा नाही असे मुलांनीच ठरवले आहे.